भरल्या टाकीची गाडी

"बिभीषणचं सिबिल खराब आहे" असं माझ्यासमोर म्हणायची हिंमत आता पडेगावात कुणी करत नाही. एकदा एकानं केली होती. त्याला मी आधी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग असं काही सुनावलं की ते पाणी त्याच्या घशाखाली उतरलं नाही.

मी मंजुषा. पडेगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, विजेची बिलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. अख्ख्या वस्तीची लबाडी मला तोंडपाठ आहे. माझी उधारी बुडवून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं मान खाली घालून जाणारे चांगले चांगले लोक मी रोज बघते. बिभीषण त्यातला नाही. दोन रुपये सुटे नव्हते म्हणून हा माणूस भर उन्हात घरी जाऊन ते घेऊन परत आला होता. मी म्हटलं, "अहो, उद्या दिले असते." तर म्हणाला, "उद्याचा काय भरवसा ताई, ईसरलो तर?" आणि ह्या माणसाच्या नावापुढं एका यंत्रानं 'भरवशाचा नाही' असं लिहून ठेवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

त्याचे वडील, आप्पा, अजिंठ्याच्या डोंगराकडं मेंढरं राखायचे. थोडी स्वतःची, बाकीची लोकांची. त्यांच्यात जनावर अर्धलीनं देतात. म्हणजे मादी मालकाची, राखण दुसऱ्याची, आणि होणारी पिल्लं दोघांत निम्मी निम्मी. कागद नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाही. फक्त रीत. जनावर मेलं तर त्याचा कान नेऊन मालकाला दाखवायचा. सांभाळणं झेपेना तर जनावर परत नेऊन द्यायचं, पण उपाशी द्यायचं नाही. चारून, पाणी पाजून, पोट भरलेलं जनावर मालकाच्या दावणीला बांधायचं. बांधलं की संपलं. नंतर मालक ते विको, कापो, नाहीतर पाहुण्याला भेट देवो, राखणाऱ्याकडं कुणी एक पैसा मागत नाही. मागितला तर चार माणसं मालकाच्याच तोंडात शेण घालतील.

बिभीषण सहावीपर्यंत शाळेत गेला, पण त्याचं खरं शिक्षण हेच. आणि ह्याच शिक्षणानं त्याचा घात केला.

मेंढरं कमी झाली, चराईला रानं उरली नाहीत, तसा तो बायकोला घेऊन शहरात आला. बायको रत्नमाला. तोंडानं फटकळ नि कामाला वाघीण. पडेगावात खोलीचं भाडं कमी आणि मागं चार शेळ्या बांधायला जागा, म्हणून इथं राहिले. काम मिळालं चिकलठाण्याच्या एका कंपनीत, ठेकेदाराच्या हाताखाली माल चढवायचं. आता पडेगाव शहराच्या ह्या टोकाला आणि चिकलठाणा त्या टोकाला. मध्ये अख्खं संभाजीनगर. सिटी बसच्या भरवशावर राहिलं की गेटवर उशीर, आणि उशीर झाला की ठेकेदार अर्धा रोज कापणार. म्हणून त्यानं हप्त्यांवर मोटारसायकल घेतली. दोन बोकड विकून सुरुवातीचे पैसे भरले. त्यानंतर दोन वर्षं एकही हप्ता चुकला नाही. पगार झाला की तो माझ्याकडं यायचा, पासबुकाची नोंद बघायला. "हप्ता गेला का ताई?" गेला म्हटलं की चेहरा असा खुलायचा की जणू हप्ता कंपनीनं ह्यालाच दिला.

मग कोरोना आला. कंपनी बंद, ठेकेदाराचा फोन बंद. खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला. हप्ता परत गेला म्हणून बँकेनं दंड लावला, फायनान्सवाल्यानं वेगळा लावला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ज्याच्याकडं पैसे नाहीत त्याच्याकडून पैसे नसल्याचे पैसे घ्यायचे, हा हिशोब ज्या कुणी शोधून काढला त्याला एकदा माझ्या दुकानात पाठवा.

सरकारनं त्या दिवसांत हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती. ती मागावी लागते हे बिभीषणला कुणी सांगितलं नाही. वसुलीची पोरं मात्र वेळेवर आली. गल्लीत उभं राहून ओरडली. "गाडीवर हिंडायला पायजे, पैसे द्यायला नको," असं चारचौघांत म्हणाली. रत्नमाला आतून खुरपं घेऊन बाहेर आली तेव्हा पळाली, ते सोडा. पण बिभीषणच्या मनाला ते लागलं. त्याच्या घराण्यात कुणी दारात येऊन असं बोललं नव्हतं. रात्रभर विचार करून त्यानं ठरवलं की गाडी झेपत नाही, तर परत द्यायची.

सकाळी त्यानं गाडी धुतली. चेनला तेल दिलं. मग शेजाऱ्याकडून उसने पैसे आणले आणि पंपावर जाऊन टाकी भरली.

हो, टाकी भरली. घरात पीठ नव्हतं आणि ह्या शहाण्यानं परत द्यायच्या गाडीत पेट्रोल भरलं. रत्नमाला अजून त्या दिवसावरून त्याला टोमणे मारते. त्याला विचारलं तर एवढंच म्हणतो, "उपाशी कसं द्यायचं?"

फायनान्सच्या ऑफिसात गाडी लावली, चावी दिली, गाडीचं पुस्तक दिलं. तिथला माणूस हसला. "टाकी फुल करून आणली? वा!" एका कागदावर सही घेतली. बिभीषणनं त्याला तीन-तीनदा विचारलं, "झालं ना साहेब? आता काय राहिलं नाय ना?" तो म्हणाला, "काही नाही राहिलं. जा घरी."

'काही नाही राहिलं.' मी हे शब्द मुद्दाम पुन्हा लिहिते आहे. त्या माणसाला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. रोज तेच काम करणाऱ्याला माहीत नसेल तर कुणाला असेल? सत्य सांगायला दोन मिनिटं लागली असती. गाडी आम्ही विकू, येईल ती किंमत तुमच्या कर्जातून वजा करू, उरलेलं तुम्हाला भरावंच लागेल. एवढंच. पण सांगितलं असतं तर हा माणूस चावी देऊन निमूट गेला नसता ना!

बिभीषण पायी घरी आला. जालना रोडवरून पडेगावापर्यंत, मोकळ्या रस्त्यानं, आणि मोकळ्या मनानं. वर्षभरानं त्याला त्याची गाडी दिसली, दौलताबाद रोडच्या पंपावर. एक पोरगा चालवत होता. दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून गेला असता. हा जवळ गेला आणि म्हणाला, "चेन ढिली झालीय भाऊ, आवळून घ्या. ह्या गाडीला ती खोड हाय." घरी येऊन हे कौतुकानं सांगत होता. रत्नमाला म्हणाली, "आता त्याच्या घरी जाऊन धुवूनबी द्या."

कंपनी पुन्हा सुरू झाली, बिभीषण सिटी बसनं कामाला जाऊ लागला आणि मधली काही वर्षं तशीच गेली. मग ठेकेदारानं पंचेचाळीसच्या पुढची माणसं घेणं बंद केलं. कागदावर तसं कुठं लिहिलेलं नाही, पण सकाळी गेटवर नावं पुकारताना त्यांची नावंच पुकारायची नाहीत, एवढं पुरतं. बिभीषण मजुरांच्या नाक्यावर उभा राहू लागला. तिथंही मुकादम तरणी पोरं आधी उचलतो. हा दुपारपर्यंत उभा राहून परत यायचा आणि रत्नमालेला चुकवून शेळ्यांकडं जाऊन बसायचा.

अशात कारभारी भेटला. कारभारी चाऱ्याचा व्यापारी. खेड्यांतून हिरवा चारा नि कडबा आणून शहरातल्या गोठ्यांना पुरवतो. तो बिभीषणला म्हणाला, "तुला जनावरांचं कळतं, चाऱ्याचं कळतं. एक लोडिंग रिक्षा घे. रोजच्या दोन फेऱ्या मी देतो, बाराही महिने." पन्नाशीकडं झुकलेल्या हमालाला आणखी काय पाहिजे? स्वतःची गाडी, बांधलेलं काम, पाठीवर पोतं नाही. बिभीषण आनंदानं कर्ज मागायला गेला. पहिल्या ठिकाणी नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी नाही. तिसऱ्या ठिकाणच्या पोरानं कॉम्प्युटर बघून विचारलं, "काका, कुणाचं बुडवलंय?"

तिथून तो घरी न येता एका एजंटाकडं गेला. 'सिबिल सुधारून मिळेल' असा बोर्ड लावून बसलेला एक भामटा. त्यानं चार हजार घेतले आणि महिनाभरात सगळं साफ होईल म्हणून सांगितलं. महिन्यानं त्याचं दुकानच साफ झालं होतं. बोर्डाच्या जागी नुसते खिळे. सगळ्यांना कानीकपाळी ओरडून सांगते, खरी नोंद कुणी पैसे घेऊन पुसू शकत नाही. पुसून देतो म्हणणारा चोर समजावा आणि तिथून उठावं.

एवढं सगळं झाल्यावर बिभीषण माझ्याकडं आला. "ताई, मी कुणाचं बुडवलं नाय हो. बघा ना काय लिवलंय माझ्याबद्दल."

मी त्याचा सिबिलचा अहवाल काढला. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, हेही लोकांना माहीत नसतं. ज्यांनी ज्यांनी आपल्याला कर्ज दिलं ते दर महिन्याला आपल्याबद्दल काय कळवतात, ते सगळं त्यात असतं. आणि त्यावरून आपल्याला शाळेसारखे मार्क देतात. बिभीषणच्या अहवालात एकच कर्ज होतं. मोटारसायकलचं. त्यापुढं 'बुडीत' असा शेरा होता आणि खाली बाकी, बेचाळीस हजार.

मी कंपनीला फोन लावला. तासभर गाणी ऐकल्यावर एकीनं हिशोब सांगितला. गाडी लिलावात विकली, भंगाराच्या भावात. ते पैसे वजा करून उरलेलं मुद्दल, त्यावर व्याज, दंड आणि यार्डात गाडी ठेवल्याचं भाडं.

"कसलं भाडं?" बिभीषणनं विचारलं.

"तुमची गाडी त्यांनी विकेपर्यंत त्यांच्या आवारात ठेवली ना, त्याचं भाडं," मी म्हटलं.

त्यानं अहवालातल्या बाकीच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "पर म्या सवता नेऊन दिली व्हती ताई. देल्यावर माझी कशी?"

ह्या प्रश्नानं माझ्या डोक्यात राग शिरला. गाडीही गेली, पैसेही गेले, वर नाव गेलं. विकण्याआधी त्याला नोटीस द्यायला हवी होती. कंपनी म्हणाली दिली, जुन्या खोलीच्या पत्त्यावर. तो दोन गल्ल्या सोडून राहायला गेला होता एवढंच. वसुलीची पोरं त्याला शोधायला बरोबर नव्या खोलीवर आली होती, नोटिशीला मात्र घर सापडलं नाही!

मला ग्राहक मंचात जायचं होतं. ओळखीच्या वकिलांना विचारलं. ते म्हणाले, केस चांगली आहे, पण काही वर्षं लागतील आणि तोवर तो शेरा तसाच राहील. बिभीषणला रिक्षा पाहिजे होती आत्ता. पन्नाशीकडं झुकलेल्या माणसासाठी कारभारी तरी किती थांबणार? तोवर कारभाऱ्यानं दुसऱ्याची रिक्षा लावली आणि बिभीषणला तिच्यावर रोजानं ड्रायव्हर ठेवलं. गाडीमालक घरी बसून निम्म्याहून जास्त पैसे न्यायचा.

मी कंपनीला पत्र पाठवलं, तसा आठवड्याभरात फोन आला. सोमनाथ नावाचा वसुली अधिकारी. आवाजात लोणी. "मॅडम, काकांची परिस्थिती आम्ही समजू शकतो. अठरा हजारांत सेटलमेंट करून टाकू. आजच्या आज भरले तर विषय कट."

फोन स्पीकरवर होता. बिभीषण समोर बसला होता. रत्नमाला शेळ्यांसाठी आणलेला पाला खाली ठेवून दुकानातच उभी होती. ती म्हणाली, "निम्म्याच्या आत सुटतंय तर सुटा की! पैसे काय झाडाला लागलेत? त्या गाडीचं एक नटबोल्टबी आपल्याकडं नाय."

मी सोमनाथला विचारलं, "अठरा हजार भरल्यावर अहवालात काय लिहाल? कर्ज पूर्ण फेडलं असं?"

"सेटल असं येईल मॅडम. म्हणजे मिटलं. एकच आहे."

"एकच आहे तर 'पूर्ण फेडलं' लिहा."

तो म्हणाला, "सिस्टीममध्ये तसं होत नाही."

त्या दोन शब्दांत फरक काय ते मी दोघांना समजावलं. 'सेटल' म्हणजे ह्या माणसानं सगळं दिलं नाही, आम्ही हात झटकून सोडून दिलं. पुढचा सावकार तो शेरा बघतो आणि वर्षानुवर्षं दार लावून घेतो. सोमनाथ ही सवलत दयेपोटी देत नव्हता. त्याला त्याचं महिन्याचं टार्गेट भरायचं होतं. बिभीषणच्या वाट्याला डाग राहिला असता.

रत्नमाला म्हणाली, "मंग काय, बेचाळीस भरायचे? जे आपलं देणंच नाय ते?"

"देणं नाय, खरंय," बिभीषण म्हणाला. तो इतका वेळ खाली बघत होता. "पर निम्मं देलं तर मी निम्मा चोर ठरतो ना गं. सगळं देऊन टाकू. मंग तर कुणी बोलणार नाय?"

मला वाटलं रत्नमाला आता त्याला फाडून खाईल. तिनं पाला उचलला आणि निघून गेली. पुढं चार महिन्यांनी बकरी ईद होती. तिनं दोन बोकड त्यासाठीच पोसले होते. ईदच्या आठवड्यात ते घेऊन ती स्वतः बाजारात गेली, दोन दिवस घासाघीस केली आणि पदराला पैसे बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवले. त्या पैशांतून ती शेळ्यांच्या शेडवर नवे पत्रे टाकणार होती, पावसाळ्याआधी. "मोजा," म्हणाली. "आणि त्यांना सांगा, ह्यो पैसा मेलेल्या गाडीचा हाय. त्यांच्या पचनी पडू नये." बाकीचे बिभीषणनं ड्रायव्हरकीतून साठवले होते.

रोख द्यायचे नाहीत असं मी बजावलं होतं. खात्यातून भरले, पावती घेतली. बेचाळीस हजार, पैशासकट. आणि मग त्या कंपनीनं 'देणं बाकी नाही' असं पत्र द्यायला जवळजवळ पाच महिने लावले. पैसे घ्यायला त्यांना क्षण पुरतो, पत्र द्यायला सिस्टीम लागते, वरची मंजुरी लागते, मुंबईचा ईमेल लागतो. मी रोज एक फोन करायचे, दुकान उघडल्या उघडल्या, उदबत्ती लावावी तसा. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी सोमनाथचाच फोन. "मॅडम, एवढं वर जायची काय गरज होती?" मी म्हटलं, "खाली कुणाला ऐकू येत नव्हतं म्हणून."

पत्र आलं. ते जोडून अहवाल दुरुस्तीचा अर्ज केला आणि 'बुडीत' जाऊन 'बंद, पूर्ण फेड' झालं. बिभीषणला वाटलं, झालं. नाही! मार्क थोडे वाढले, पण पुरेसे नाहीत. जुन्या चुकलेल्या हप्त्यांच्या खुणा तशाच होत्या. नवीन काहीतरी घेऊन, वेळेवर फेडून दाखवल्याशिवाय ते वाढत नाहीत.

ही ह्या कारभारातली सगळ्यात मोठी चीड आणणारी गोष्ट. माझ्या वडिलांनी जन्मात कुणाचा रुपया उसना घेतला नाही. त्यांना मार्कच नाहीत. ह्या यंत्राच्या लेखी ते जन्मलेच नाहीत. आणि जो माणूस कर्ज घेतो, फेडतो, पुन्हा घेतो, तो शहाणा बाळ. आप्पांच्या भरवशावर लोक शंभर मेंढरं सोडून लग्नाला जायचे. त्यांच्या मुलाला आता स्वतःचे दहा हजार बँकेत गहाण ठेवून, त्यावर मिळालेलं कार्ड वापरून, भरवशाचा आहे हे शिकाऊ उमेदवारासारखं सिद्ध करावं लागलं.

पण केलं. मुदत ठेवीवरचं कार्ड काढलं. महिन्याला फक्त रिक्षाच्या डिझेलपुरतं वापरायचं, तेही मर्यादेच्या पाव भागाच्या वर नाही, आणि बिल आलं की पूर्ण भरायचं, 'कमीत कमी इतके भरा' असं लिहिलेलं असतं त्याकडं बघायचंसुद्धा नाही. कारण तिथंच गळ असतो. बिभीषण बिल येण्याआधीच पैसे भरायला हजर. मी ओरडायचे, "अहो, बिल तर येऊ द्या!" तर म्हणायचा, "दारात येऊन कुणी मागावं कामून?" मध्येच रत्नमालेच्या भावानं त्याला जामीन राहायला सांगितलं. ह्याला नाही म्हणता येईना. तेव्हा रत्नमालाच माहेरी जाऊन भावाला सांगून आली, "त्यांचं नाव आत्ता कुठं धुवून वाळत घातलंय. हात लावू नकोस."

दीड वर्षांत मार्क वर आले. ह्या जूनमध्ये एका फायनान्स कंपनीनं लोडिंग रिक्षाचं कर्ज मंजूर केलं. ही कंपनी वेगळी. सह्या करायला तो मला बरोबर घेऊन गेला. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. रत्नमालेनं नव्या रिक्षासाठी नारळ आणि हार आधीच आणून घरी ठेवला होता.

ऑफिस भरलेलं होतं. खुर्च्या कमी, माणसं जास्त. टेबलामागची मुलगी चुणचुणीत होती, बोलायला गोड. तिनं कागदांचा जाड गठ्ठा पुढं ठेवला. पानोपानी पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या. "काका, फुली असेल तिथं सही करत चला. इथं, इथं आणि इथं."

बिभीषणनं पेन हातात घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात काय लिवलंय?"

"नेहमीचंच आहे काका. सगळे करतात."

"व्हय, पर काय लिवलंय?"

"इंग्रजी आहे ना ते. हप्ते भरायचे, एवढंच."

मी गठ्ठा ओढला. तसा त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "ताई, तुमी नको. ह्यांनी वाचावं. ज्याचं जनावर त्यानंच सांगावं."

मुलगी हसली, मग हसायची थांबली. "काका, चाळीस पानं आहेत. मागं लाईन आहे."

"मी थांबतो," बिभीषण म्हणाला. "मला काय आज कडबा आणायचा नाय."

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. काय झालं म्हणून विचारलं. मी त्याच्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक, तो म्हणाला, "वाच, वाच. दाखव त्यांना."

ती वाचू लागली. एक ओळ इंग्रजीत वाचायची, थांबायची, मराठीत सांगायची. दुसऱ्या पानावरच माझ्या लक्षात आलं, तीही हे पहिल्यांदाच वाचते आहे. दंड कधी लागतो, किती लागतो, आगाऊ फेडलं तर काय. मागची माणसं आधी कुरकुरत होती. मग जवळ आली. कुणी खुर्ची ओढली, कुणी भिंतीला टेकून उभा राहिला. कुणी काही विचारलं तर ती उत्तर देत होती, नसलं येत तर मॅनेजरला विचारत होती. मॅनेजरलाही दोनदा फोन करावा लागला.

अर्ध्या तासानं ती एका कलमाशी आली. वाचलं, अडखळली, पुन्हा वाचलं. "कर्जदारानं वाहन स्वतःहून परत दिलं तरी... कर्ज संपत नाही. विक्रीतून आलेली रक्कम वजा करून उरलेली बाकी कर्जदारानं भरायची आहे."

बिभीषणनं मान हलवली. "आता बरोबर. हे मोठ्यानं सांगा, मंग मी सही करतो." आणि त्यानं पेन उघडला.

"म्हंजी?" मागून एक आवाज आला.

डोक्याला रुमाल बांधलेला एक म्हातारा, शेजारी त्याची बायको. तो पुढं आला. "म्हंजी, काय म्हणल्या बाई? पुन्हा सांगा बरं. मी तर आखाजीच्या सणाला रिक्षा आणून देली की इथंच. चावीबी देली. साहेब म्हणले, आता काय राहिलं नाय."

मुलीनं मॅनेजरकडं बघितलं आणि मॅनेजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. म्हाताऱ्याची बायको हळूच त्याला विचारत होती, "राहिलंय का हो आपलं?"

बिभीषणनं पेनाला टोपण लावलं. सगळे कागद बाजूला सरकवले आणि खुर्चीवरून उठला.

"इथं बसा मामा," तो म्हणाला. मग त्या मुलीकडं वळला. "आधी ह्यांचे कागद काढा. माझी सही राहू द्या."